दारावरची पट्टी खोटी निघाली
मिशिगनमध्ये राहायला आल्यापासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्या बघायला उभा राहतो. त्यातूनच ठरवलं, १९६९ची मस्टँग माक वन, म्हणजे फोर्डच्या मस्टँगचं खास मॉडेल, घ्यायची आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी उभी करायची. सात वर्षं पैसे साठवले. त्यातले २४,५०० डॉलर एका संध्याकाळी एका माणसाच्या हवाली केले. तुमच्यापैकी कुणी अशी गाडी बघायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

गाडी दिसायला देखणी होती. काळं बॉनेट, बाजूला चमकणारे पट्टे, मागे पेट्रोलच्या टाकीचं खटकन उघडणारं झाकण. गाडीचा ओळख-नंबर (व्हीआयएन) ९एफ०२एच ने सुरू होत होता. ९ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरत गेलेली गाडी), एच म्हणजे ३५१ घन इंचांचं, टू-बॅरल कार्बोरेटरचं इंजिन. माक वनमध्ये सुरुवातीचं इंजिन हेच होतं, त्यामुळे मला शंका आली नाही. ड्रायव्हरच्या दारावर कारखान्याची माहितीची पट्टी असते, तिच्यावर बॉडी कोड, म्हणजे मॉडेलचा प्रकार, ६३सी होता, तो माक वनचाच. मालक म्हणाला, उद्या सकाळी आणखी दोघं येणार आहेत. मी पैसे तिथेच मोजून दिले.

चूक इथे झाली. हेच ०२ आणि एच साध्या फास्टबॅकवरही येतात. नंबरात माक वन लिहिलेलं नसतं, ते फक्त ६३सी सांगतो. आणि दारावरची पट्टी नवी बनवून मिळते. माझ्या पट्टीची अक्षरं कोरी करकरीत होती, शेजारचं बिजागर मात्र पन्नास वर्षांच्या रंगाच्या थरांनी माखलेलं. ते मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. १९६७पासूनच्या फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीकडे आहेत. नंबर कळवला की त्या गाडीचा अहवाल मिळतो. मी तो मागवला गाडी घरी आणल्यावर. त्यात छापून आलं: ६३ए. साधी स्पोर्ट्सरूफ, म्हणजे फोर्डच्या भाषेत साधी फास्टबॅक.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. मागच्या चाकावरचा रंग काढायला वायरब्रश लावला आणि गुलाबी धूळ उडाली. पत्रा लागेचना. बोटाच्या पेराएवढी पुट्टी, तिच्याखाली फायबरची जाळी, आणि जाळीमागे पोकळी. गाडीखाली शिरलो तर सगळीकडे ताजा काळा डांबरी लेप. तो खरवडून पुढच्या टॉर्क बॉक्सवर (गाडीच्या तळाला मजबुती देणाऱ्या पत्र्याच्या पेटीवर) स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो दांड्यापर्यंत आत गेला. त्या भोकातून गंज भुग्यासारखा माझ्या तोंडावर पडला. या गाडीला वेगळी चॅसी नसते, सगळा भार या पत्र्यांवरच असतो. अशा गाडीत मी माझ्या मुलीला बसवून घरी आणलं होतं. या गोष्टीचा राग अजून जात नाही.

वकिलाला भेटलो. बिल ऑफ सेलवर, म्हणजे खरेदीच्या कागदावर, फक्त ‘१९६९ मस्टँग, जशी आहे तशी’ एवढंच होतं. माक वन हा शब्द जाहिरातीत होता, पण ती तोवर काढून टाकली होती आणि मी तिचा फोटो काढून ठेवला नव्हता. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं, हे सिद्ध करायला किती खर्च येईल ते ऐकून मी उठलो.

म्हणून सांगतो, अहवाल हातात येईपर्यंत एक डॉलरही देऊ नका. जाहिरात जपून ठेवा, आणि बिलावर ‘माक वन’ लिहून मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा. गाडी दिवसा बघा, लिफ्टवर चढवून बघा, मागच्या चाकांभोवती कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. मालकाची परवानगी घेऊन पुढच्या काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि आत पाय ठेवायच्या जागी हात लावा. ओलं लागलं तर काउल, म्हणजे काचेखालचा पत्र्याचा भाग, कुजलेलं आहे. मस्टँगचं हे जुनं दुखणं आहे, आणि ते दुरुस्त करायला पुढचा अर्धा भाग उघडावा लागतो. पॉन्टिअॅकची जीटीओ घेणाऱ्यांचं थोडं बरं: १९६६ ते १९७१च्या गाड्यांचा नंबर २४२ने सुरू होतो. १९६९-७०ची शेव्हरोले शेव्हेल मात्र एसएस (तिचं खास रूप) आहे का, ते नंबरावरून कळत नाही, तिथे मूळ कागद लागतातच.

गाडी विकली नाही. खोटी ओळख सांगून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला जमणार नाही. टॉर्क बॉक्स नवे बसवले, डावीकडचं वेल्डिंग गेल्या रविवारी संपलं. पट्टे आणि दारावरची ती पट्टी उतरवून ठेवली आहे. नवी मागवली आहे ती ६३ए लिहिलेली.