रुंबकची होमस्टे: हिमबिबट्या पाहायला खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात, जवळपास 4,000 मीटर उंचीवर रुंबक गाव आहे. तिथल्या घरांतच राहायची सोय होते. खोली साधी, शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणारी बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी, कोरडा संडास, जेवायला थुक्पा (शेवयांचं सूप) आणि स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा). हॉटेलची अपेक्षा ठेवणाऱ्याने जाऊच नये. बाकीच्यांना आम्ही बिनदिक्कत जा म्हणू, कारण इथे खरा मोबदला मिळतो तो गावातल्या वाटाड्याच्या नजरेचा.

यावल-पालच्या रानात बिबट्या झाडीआड लपतो. इथे डोंगर उघडा, तरी जनावर दिसत नाही, कारण अंगाचा रंग खडकाचाच. वाटाडे आधी भरल, म्हणजे हिमबिबट्याचं भक्ष्य असलेली डोंगरी मेंढी, शोधतात. सगळा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला पाहत उभा राहिला की दुर्बीण तिकडे वळते. ताजी शिकार सापडली तर उत्तम, कारण हिमबिबट्या तिच्याजवळ काही दिवस थांबतो. जानेवारी ते मार्च हा जोडीचा काळ. तेव्हा तो कड्याखालच्या दगडांवर वास सोडत फिरतो, म्हणून याच दिवसांत जावं.

अंतर बहुधा अर्धा-एक किलोमीटर असतं. 8x42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण शोधायला पुरते, पण नीट पाहायला तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, लागतोच. तो वाटाड्याकडे आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. दुपारी उन्हाने तापलेल्या उतारावर हवा थरथरते, तेव्हा 30 पटींच्या पुढे वाढवून उपयोग नाही, चित्र विरघळतं. पहाट आणि संध्याकाळ मात्र एकही सोडू नका.

सहली फसतात त्या बहुतेक घाईमुळे. भुसावळहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून विमानाने 3,500 मीटरवरचं लेह गाठलं, की शरीराला सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. लेहला किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्या. पाच दिवसांचं पॅकेज कोणी विकत असेल तर घेऊ नका. ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. बर्फामुळे विमानं रद्द होतात, म्हणून परतीला दोन दिवस हाताशी ठेवा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात राहू द्या. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर भिंगावर दव धरतं.

घरोघरी पाळीपाळीने पाहुणे दिले जातात, म्हणून पैसा एका दारात अडकत नाही. सीमेपलीकडे, पाकिस्तानात, मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजके परवाने लिलावात विकून 80 टक्के रक्कम स्थानिकांना देतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो रस्ता बंद आहे. त्यामुळे बकरी गेल्यावर मेंढपाळाने बिबट्यावर राग काढू नये, यासाठी जिवंत बिबट्यानेच गावाला उत्पन्न द्यावं लागतं. 2024 च्या अहवालाप्रमाणे देशात 718 हिमबिबटे आहेत, त्यांतले 477 लडाखात. म्हणून दराची घासाघीस इथे नको.

सोबत शेंगदाण्याची चटणी आणि सुका ठेचा न्या, उंचीवर भूक मरते तेव्हा त्याच्यासोबत जेवण घशाखाली उतरतं. आणि कचरा परत लेहला आणा.