डोरोथी हाइट यांचे टपाल तिकीट: चेहरा नेमका, काम चौकटीबाहेर

अमेरिकेच्या टपाल खात्याने १ फेब्रुवारी २०१७ रोजी काढलेले समाजसेविका डोरोथी हाइट यांचे तिकीट, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गौरवासाठीच्या ‘ब्लॅक हेरिटेज’ या मालिकेतले चाळिसावे आहे. ही मालिका १९७८ मध्ये गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्या हॅरिएट टबमन यांच्यापासून सुरू झाली. तिच्यात कलावंत, खेळाडू आणि चळवळीतले पुढारी भरपूर भेटतात. समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्ती मात्र शोधाव्या लागतात. १९८१ चे नागरी हक्क चळवळीतले पुढारी व्हिटनी यंग यांचे तिकीट सोडले, तर चटकन दुसरे आठवत नाही. समाजकार्य हा विषय धरून संग्रह करणाऱ्यांना हे तिकीट अल्बममध्ये असावेसे वाटेल, ते एवढ्यासाठीच.

थॉमस ब्लॅकशिअर यांनी छायाचित्रावरून रंगवलेले हे व्यक्तिचित्र आहे. उतारवयातला शांत, करारी चेहरा आणि डोक्यावर हॅट. बाईंच्या हॅट प्रसिद्धच होत्या आणि चित्रकाराने ती खूण नेमकी पकडली आहे. एवढ्याशा जागेत त्वचेवरचा प्रकाश आणि कापडाचा पोत वेगवेगळे जाणवतात, ही छपाईचीही कमाल म्हणावी लागेल. निव्वळ चित्र म्हणून पाहिले तर मी याला मालिकेतल्या उत्तम तिकिटांत धरीन.

माझी तक्रार पुढची आहे. नाव आणि मालिकेचे शीर्षक याखेरीज तिकीट काहीच सांगत नाही. ज्याला हाइट ठाऊक नाहीत, त्याला ही एखाद्या खानदानी घरातली आजी वाटेल. १९२९ मध्ये बर्नार्ड महाविद्यालयाने प्रवेश मंजूर करूनही, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या दोन जागा भरल्या आहेत म्हणून या मुलीला परत पाठवले. मग तिने न्यूयॉर्क विद्यापीठातून पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली आणि महामंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या कल्याण खात्यात केसवर्कर म्हणून, म्हणजे गरजू कुटुंबांच्या प्रकरणांची चौकशी करून त्यांना मदत मिळवून देणारी कर्मचारी म्हणून, नोकरी धरली. १९३७ मध्ये हाइट न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेत काम करत असताना शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिओड बेथून यांनी त्यांना हेरले. बेथून यांनीच स्थापलेल्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेचे अध्यक्षपद १९५७ पासून पुढे चार दशके हाइट यांच्याकडे होते.

त्या चार दशकांत भाषणांपेक्षा घरगुती गरजांकडे अधिक लक्ष होते. मिसिसिपीत नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्या सहकारी शेतीला संस्थेने डुकरे दिली. गरीब कुटुंबाने मादी पाळायची आणि तिच्या पिलांपैकी काही परत करायची, म्हणजे ती पुढच्या कुटुंबाला मिळतील, अशी ही ‘डुकरांची बँक’ चालत असे. त्याच राज्यातल्या गल्फपोर्ट येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मालकीची घरे मिळावीत म्हणूनही याच संस्थेने काम केले. पुढे कृष्णवर्णीय कुटुंब मोडकळीस आल्याची चर्चा वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जोरात असताना, १९८६ मध्ये, हाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘ब्लॅक फॅमिली रियुनियन’ हा मेळावा भरवला. आजी-आजोबा, मावश्या, मुले सगळी एकत्र आणून या कुटुंबांची ताकद दाखवायची, ही त्यामागची भूमिका होती. हे सारे एका तिकिटावर मावणार नाही हे मान्य. पण ‘समाजसेविका’ एवढा एक शब्द तरी मावला असता.

भारतीय संग्राहकांना एक दुवा माहीत असावा. हाइट १९५२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात पाहुण्या प्राध्यापिका म्हणून शिकवत होत्या. त्यामुळे भारतविषयक पानावरही हे तिकीट हक्काने लावता येते.

आता व्यवहाराचे. हे ‘फॉरएव्हर’ तिकीट आहे. काढले तेव्हा त्याची किंमत ४९ सेंट होती. दर वाढले तरी अमेरिकेतल्या एक औंसाच्या साध्या पत्राला ते तसेच चालते. भारतात पत्र पाठवायचे असेल तर मात्र वर आणखी तिकिटे लावावी लागतात. गोंद स्वयंचिकट प्रकारचा असल्याने, आपल्याकडच्या जुन्या सवयीप्रमाणे वापरलेले तिकीट पाण्यात भिजवून सोडवायला जाऊ नये. पाकिटाच्या कागदासह कडेला थोडी जागा ठेवून कापलेले बरे. इंटरनेटवर ‘फॉरएव्हर’ तिकिटे छापील किमतीपेक्षा फारच स्वस्तात कोणी देत असेल तर ती बनावट असण्याची शक्यता मोठी असते, आणि याबाबत अमेरिकी टपाल खात्यानेच ग्राहकांना सावध केले आहे.

वीसची पूर्ण शीट घेण्याची गरज मला वाटत नाही, कारण सगळीकडे तेच चित्र आहे. एक कोरे तिकीट आणि हॉवर्ड विद्यापीठातल्या प्रकाशन समारंभाच्या दिवसाचा शिक्का असलेले प्रथम दिवस आवरण, म्हणजे पाकीट, पुरेसे आहे. शेजारी १९८५ चे, बावीस सेंटचे बेथून यांचे तिकीट लावावे आणि खाली स्वतःच्या हाताने हाइट यांच्या कामाविषयी दोन ओळींची टीप लिहावी. पाचपैकी साडेतीन गुण; त्यातले तीन चित्रकाराचे.