चाळीस दिवस आणि जीआरईचं गणित: पाया घालायचा की पेपर सोडवायचे?

"दादा, परीक्षा चाळीस दिवसांवर आलीय अन् क्वांट १५५ च्या वर सरकायलाच तयार नाही. पयल्यापासून सगळं करू, का नुसते पेपर सोडवू?" परभणी-नांदेडकडच्या कुठल्या ना कुठल्या पोराचा हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. परीक्षा म्हणजे जीआरई, परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची; क्वांट म्हणजे तिच्यातलं गणित. मी स्वतः वाळूजला शिफ्ट सांभाळत ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा पायाचा रस्ता धरला आणि फसलो. म्हणून पाया वाईट असं मात्र नाही. तो माझ्यासाठी चुकीचा होता, आणि हे मला उशिरा कळलं.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण जुन्या पुस्तकांत जुनाच आराखडा छापलेला असतो. सप्टेंबर २०२३ पासून पेपर आखूड झालाय: एकूण १ तास ५८ मिनिटं. त्यात गणिताचे दोन भाग. पहिल्यात १२ प्रश्न, २१ मिनिटं. दुसऱ्यात १५ प्रश्न, २६ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. गुण १३० ते १७०. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे ठरतं. विषय म्हणाल तर अंकगणित, बीजगणित, भूमिती, आलेख आणि सांख्यिकी. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचा, म्हणजे तिथल्या तिसऱ्या गणिताच्या पेपराचा, इथे काडीचाही उपयोग नाही.

पायाचा रस्ता

ईटीएस, म्हणजे परीक्षा घेणारी संस्थाच, गणिताची उजळणी फुकट देते. ती घ्यायची आणि शेकडेवारीपासून संभाव्यतेपर्यंत एकेक धडा ओळीनं करायचा. रोज दोन तास धरले तर चाळीस दिवसांत ऐंशी तास होतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण नोकरी असेल तर त्यातले वीस तास झोपेत आणि पाहुण्यांत जातात.

ज्यांचं गणित दहावीलाच सुटलं त्यांना मी हाच रस्ता सांगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातली कित्येक मुलं बारावीला जीवशास्त्र घेऊन आलेली असतात. सहा-सात वर्षं त्यांनी वर्गसमीकरण बघितलेलं नसतं. त्यांनी पहिल्याच दिवशी पेपर सोडवायला घेतले तर हाताला निराशाच लागते. पंधरा दिवस पाया, आणि तोही निवडक: शेकडेवारी, गुणोत्तर, घातांक, विभाज्यता, रेषीय समीकरणं, सरासरी-मध्यक, त्रिकोण आणि वर्तुळ. क्रमचय-संचय शेवटी, वेळ उरला तर.

इंजिनिअरांचं उलटं होतं. जे येतं तेच पुन्हा करायला गोड लागतं. मी नऊ दिवस क्रमचय-संचयात घातले, कारण त्यात मजा येत होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला एकच. अन् जिथे गुण सांडत होते, म्हणजे विभाज्यता आणि आलेखवाचन, तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पेपरांचा रस्ता

आपल्याकडे लातूर पॅटर्न रक्तात भिनलाय. चाचणी, चाचणी, पुन्हा चाचणी. नीटसाठी तो चालतो, कारण हाताशी दोन वर्षं असतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि सोडवायला पेपरांचा ढीग असतो. इथे अस्सल पेपर मोजकेच. पॉवरप्रेप या ईटीएसच्या ऑनलाइन सरावावर फुकटचे दोन, बाकीचे विकत. खासगी कंपन्यांचे पेपर कधी उगाच किचकट, कधी फारच सोपे. त्यातला आकडा बघून खूशही होऊ नका, खचूही नका.

नीटची आणखी एक सवय इथे नडते. तिथे चुकलं की एक गुण कापतात, म्हणून मुलं शंका आली की प्रश्न सोडून देतात. जीआरईत चुकीला गुण कापत नाहीत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरलेल्या प्रश्नांवर काहीतरी टिचकी मारायचीच. हे वाचायला फालतू वाटेल, पण लातूरला दोन वर्षं काढून आलेल्या एका मुलानं पहिल्या सरावात चार प्रश्न कोरे ठेवले होते.

पेपरांनी वेळेचा अंदाज येतो, भीड चेपते, स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर कधी उघडायचा नि कधी नाही हे कळतं. मात्र जे येत नाही ते पेपर सोडवून येत नाही. सात पेपरांत तोच भूमितीचा प्रश्न चुकवणारे मी पाहिलेत.

मग निवड कशी करायची

एका दुपारी. पॉवरप्रेपचा एक पेपर घड्याळ लावून सोडवा. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी, उत्तरं न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. मग वहीत तीन रकाने: येतच नव्हतं, वाचण्यात चुकलं, वेळ संपला. घाई नसताना जे बरोबर आलं त्याला पायाची गरज नाही. येतच नव्हतं या रकान्यात अर्ध्याहून जास्त प्रश्न असतील तर पाया, तेही फक्त त्या दोन-तीन विषयांचा. बाकीच्यांनी पेपर, पण आठवड्याला एकच. मधले दिवस चुकांच्या वहीला. माझ्या दुसऱ्या खेपेला या वहीनंच काम केलं. क्लासचं विचाराल तर चाळीस दिवस उरलेले असताना नवीन बॅच धरू नका. त्यांची गाडी त्यांच्या रुळावरून जाते, तुमचा रकाना कुठला भरलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

आता मधला रकाना, वाचण्यात चुकलं. मराठी माध्यमातून आलेल्यांचे सर्वांत जास्त गुण इथेच जातात, आणि "माझं गणित पक्कं आहे" म्हणणाऱ्यांचे तर हमखास. शाळेत आपण पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या वेगळ्या शिकलो. पहिल्यात शून्यापासून पुढे, दुसऱ्यात ऋण संख्याही. प्रश्नात 'इंटिजर' दिसलं की डोक्यात मात्र १, २, ३ च येतात. शून्य आणि उणे दोन कुणाला आठवत नाहीत. शून्य सम आहे, धनही नाही आणि ऋणही नाही. १ ही मूळ संख्या नाही, २ आहे. 'डिस्टिंक्ट' म्हणजे वेगवेगळ्या, 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान. तीन नाणी उडवून किमान एक छापा हवा असेल तर सरळ मोजत बसू नका: एकही छापा न येण्याची शक्यता १/८, एकातून वजा केली की ७/८.

क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन हा प्रकार तर याच कमकुवतपणावर उभा आहे. दोन राशी देतात: पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, की सांगता येत नाही? समजा क्ष धन आहे. क्षचा वर्ग मोठा की क्ष? आपण २ घालून बघतो, ४ मोठा दिसतो, पुढे जातो. अर्धा घालून बघा: वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. उत्तर 'सांगता येत नाही'. अशा प्रश्नात कच्च्या कामाच्या कागदावर पाच आकडे आधी लिहून घ्या: ०, १, −१, १/२, २. जो अटीत बसत नाही तो खोडायचा.

शेकडेवारीलाही अशीच मेख. मोंढ्यात सोयाबीनचा भाव वीस टक्के चढला आणि मग वीस टक्के उतरला, तर भाव जागेवर आला असं शेतकऱ्याला सांगून बघा. तो तुम्हाला वेड्यात काढेल. चार टक्के खाली गेलेला असतो. परभणीहून जिंतूरला ताशी ४० नं गेलात आणि ६० नं आलात तर सरासरी ५० नव्हे, ४८. ही गणितं आपल्याला येतात, फक्त पेपरात घाईनं ५० वर टिचकी बसते.

घरी की केंद्रावर

याचा गणिताशी थेट संबंध आहे, म्हणून इथेच. जीआरई घरून देता येते, आणि नांदेड-हिंगोलीच्या मुलाला हा मोह होणारच. देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबाद गाठणं वाचतं. पण घरी साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद, पुसता येणारा मार्कर, बस्स. केंद्रावर कागद-पेन्सिल मिळते. ज्याचं गणित कागदावर चालतं त्याला जाड मार्करनं लिहीत, पुसत पावणेदोन मिनिटं पाळणं जड जातं. शिवाय खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. एकत्र कुटुंबात दाराबाहेर पहारा कोण देणार? आणि दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टर राउटरला जोडलेला आहे का, हे कुणाला आठवत नाही. मी केंद्राच्या बाजूनं आहे. घरूनच द्यायची असेल तर शेवटचे सगळे सराव मार्करनंच करा, वहीत नको.

तारीख पुढे ढकलावी का

पहिल्या पेपरात १५० च्या आत आलात आणि विद्यापीठाला १६० च्या वर हवं असेल, तर मुदत बघून तारीख पुढे न्या. पण पक्कं ठरवायला परीक्षेच्या तोंडावर येऊ नका. चार दिवसांच्या आत आल्यावर बदल करता येत नाही आणि फी बुडते. १५६-१५७ वर असाल तर तारीख तशीच राहू द्या. एका परीक्षेनंतर एकवीस दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षभरात पाच वेळा. आणि कुठल्या परीक्षेचे गुण कुठे पाठवायचे ते आपल्या हातात असतं. अधिकृत निकालाला आठ-दहा दिवस लागतात, ते मुदतीतून आधीच वजा करा.

यंदा सुरुवातीचा तो प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या वहीत तीन रकाने भरले: येत नव्हतं ३, वाचण्यात चुकलं ६, वेळ संपला २. पायाची पुस्तकं त्यानं परत केली. सध्या तो रोज दहा प्रश्न सोडवतो, आणि प्रत्येकातला महत्त्वाचा शब्द आधी पेन्सिलीनं गोल करतो.