प्लगमध्ये खोचायचा एनर्जी मीटर: बादलीभर पाण्याने तपासून घ्या

इंदूरच्या महारानी रोडवर हजार-दीड हजारात मिळणारा १६ अँपिअरचा प्लग-इन मीटर आतून अगदी साधा आहे. व्होल्टेज आणि करंट क्षणाक्षणाला मोजायचा, गुणाकार करायचा, बेरीज ठेवायची. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॉट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॉट किती, तो आकडा) आणि युनिट दिसतात. यातली पॉवर फॅक्टरची ओळ नसलेला स्वस्त नमुना घेऊ नका. ९ वॉटच्या साध्या एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर १८ येतात, आणि बल्ब दुप्पट वीज खातो असा उगाच समज होतो.

मीटर खरं बोलतो का, हे तपासायला इमर्शन रॉडसारखी दुसरी वस्तू नाही. तो शुद्ध रेझिस्टन्स आहे, आणि त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी मोजून घ्या, थर्मामीटरने तापमान लिहा, रॉड खुणेपर्यंत बुडवा आणि मगच खटका दाबा. २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५ × ४१८६ × २५, म्हणजे सुमारे १५.७ लाख जूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, तेव्हा हिशोब ०.४४ युनिटचा. मीटर याहून थोडं जास्तच दाखवेल, कारण बादली उघडी असते आणि वाफ उडते. कमी दाखवलं तर मात्र मीटर किंवा थर्मामीटर, दोघांतला एक चुकतोय. खटका बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात किंवा थर्मामीटर घालू नका, आणि तापमान घेण्याआधी पाणी ढवळा. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा बरंच गरम असतं, बहुतेकांचा हिशोब इथेच फसतो.

या मीटरची खरी गंमत एक्स्टेन्शन बोर्डासोबत आहे. १० मीटरची, ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या. जाऊन-येऊन २० मीटर, रेझिस्टन्स सुमारे ०.४६ ओहम. २३० व्होल्टवर १५०० वॉटचा रॉड म्हणजे ३५.३ ओहम. दोन्ही मिळून करंट ६.४४ अँपिअर. भिंतीच्या बोर्डाशी मीटर लावला तर सुमारे १४८० वॉट दिसायला हवेत आणि वायरच्या टोकाशी लावला तर १४६१. मधले १९ वॉट वायर तापवण्यात जातात. वायर गुंडाळून ठेवली की हीच उष्णता कोंडते आणि इन्सुलेशन मऊ पडतं. फरक १९ पेक्षा फारच मोठा आला तर वायर तांब्याची नाही, नाहीतर कुठेतरी स्क्रू ढिला आहे. (भिंतीचा व्होल्टेज वरखाली होत असतो, दोन्ही वाचनं लागोपाठ घ्या आणि व्होल्टसुद्धा लिहून ठेवा.)

घराच्या मुख्य मीटरशी ताडायचं असेल तर बाकी सगळं बंद करा. मुख्य मीटरवर ३२०० पल्स प्रति युनिट छापलेलं असेल, तर त्याच्या दिव्याची एक लुकलुक म्हणजे ११२५ जूल. वरच्या रॉड-वायरच्या १४८० वॉटला १०० लुकलुकींना ७६ सेकंद लागायला हवेत.

बोरिंगच्या पाण्याचा क्षार रॉडवर चढला की वीज जास्त लागते, असं दुकानदार सांगतात. मीटर लावून पाहा, युनिट जवळपास तेवढीच येतात. उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते. इंदूरला नळाने येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर हा त्रास कमी.

आता खोट. पाच वॉटच्या खाली याचा भरवसा नाही. चार्जर नुसता खोचलेला असेल तर शून्य दाखवतो. स्क्वेअर वेव्हच्या, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर आकडे वाहवत जातात. दर एकच भरता येतो, त्यामुळे स्लॅबचं बिल निघत नाही; युनिट घ्या, रुपयांकडे पाहूच नका. सगळ्यात कच्ची बाजू सॉकेटची पकड. संपर्कात ०.०५ ओहम जरी आला, तरी १६ अँपिअरला जवळपास १३ वॉट त्या इवल्या प्लास्टिकच्या डबीत जिरतात, आणि पिना काळ्या पडायला तेवढं पुरे. एसीला किंवा मोठ्या गीझरला कायमचा लावून ठेवू नका. तासभराने प्लग काढून पिनेजवळचं प्लास्टिक चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर बदलून घ्या. विकत घेताना तीन पिनांचा जाड प्लग दुकानातच दोन-तीनदा खोचून-काढून बघा. सैल वाटला तर दुसरा नग मागा.