फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे वाचलं बाई एकदाचं

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच कटावं. पुस्तक पटापट वाचून होतं, इंग्रजी एकदम सोपं आहे, डिक्शनरी लागत नाही, आणि ज्या बांधून, फटके मारून केलेल्या शृंगाराच्या सीन्ससाठी ही कादंबरी जगभर बदनाम झाली तेच सीन्स मला सगळ्यात बोअर झाले.

मी औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत घेतलं. मुखपृष्ठावर फक्त एक करडा टाय आहे, त्यामुळं घरात कुठंही ठेवा, कुणाला काय पत्ता लागत नाही, आमच्या काकूंनी तर मॅनेजमेंटचं पुस्तक समजून "वाच वाच, नोकरीला कामा येईल" म्हणलं. पानं पाचशेच्या वर आहेत अन दोनशे तरी आरामात कापता आली असती. त्याचं कारण असं की ई. एल. जेम्स बाईंनी हे आधी ट्वायलाइट या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेवरचं फॅन फिक्शन (म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली गोष्ट) म्हणून ऑनलाइन तुकड्या तुकड्यांनी लिहिलं होतं, मग नावं बदलून 2011 ला पुस्तक केलं. ते तुकडे जाणवतात. दर दोन-चार पानांनी यातली हिरोइन ओठ चावते, हिरो ते बघून चेकाळतो, परत ती ओठ चावते. तिच्या आत एक 'इनर गॉडेस', म्हणजे आतली देवी, आहे म्हणे, ती तर अंगात आल्यासारखी कधीबी नाचायला लागते.

स्टोरी थोडक्यात. अ‍ॅना, 21 वर्षांची, साहित्य शिकणारी, आजारी रूममेटच्या जागी सिअ‍ॅटलला एका कंपनीच्या मालकाची मुलाखत घ्यायला जाते. मालक ख्रिश्चन ग्रे, वय 27, अब्जाधीश, हेलिकॉप्टर स्वतः उडवतो. (सत्ताविसाव्या वर्षी आपल्याकडची पोरं एमपीएससीचा कितवा तरी अटेम्प्ट देत असतात, ते जाऊ द्या.) मग ती काम करते त्या हार्डवेअरच्या दुकानात तो येतो अन केबल टाय, मास्किंग टेप आणि दोरी मागतो, आणि ही भोळी विचारते, घराचं काम काढलंय का! इथं मी खरंच हसले. आमच्या मोंढ्यात असं गिऱ्हाईक आलं असतं तर शेठनं दोरी किती हात पाहिजे एवढंच विचारून बिल फाडलं असतं.

आता जे आवडलं ते. ख्रिश्चनला बायकोबियको नको, पोरीनं त्याच्या हुकमात राहायचा करार पाहिजे, लेखी. शुक्रवार ते रविवार ती त्याच्याकडं, काय खायचं याची यादी, व्यायाम किती, काय चालेल काय नाही, आणि थांब म्हणायचं असलं तर कुठला शब्द, पिवळा म्हणजे जरा दमानं, लाल म्हणजे जागीच बंद. आणि अ‍ॅना हे मुकाट्यानं घेत नाही, ईमेलवर भांडते, समोर बसून एकेक कलम खोडते, खाण्याच्या यादीवर अडून बसते, व्यायाम आठवड्याला चार दिवस म्हणतो तर तीनवर आणते. शेवटपर्यंत सही करतच नाही! ही घासाघीसच पुस्तकातला सगळ्यात गरम भाग आहे, कपडे अंगावर असताना. दोघं बरोबरीनं बोलतात तेवढ्यापुरतं पुस्तक जिवंत होतं. आपल्याकडं लग्न ठरवताना मानपानाची यादी दोन दोन तास चालते, पण पोरीला काय चालेल अन काय नाही हे कोण विचारतंय.

पण बाकीच्या वेळी हा माणूस मला झेपला नाही. फोन ट्रॅक करून बारमध्ये हजर. तिची जुनी गाडी परस्पर विकून टाकतो अन नवी ऑडी दारात उभी. आईकडं जॉर्जियाला गेली तर तिथंबी मागं. हाच माणूस एसटी स्टँडवर हिंडणारा असता तर त्याला टवाळ म्हणून पब्लिकनं धुतला असता, हेलिकॉप्टर आहे म्हणून हिरो. वर त्याची आवड म्हणजे लहानपणी झालेल्या छळाचा परिणाम असं लेखिका सुचवते, म्हणजे अशी आवड असणारे सगळे आजारीच की काय? ते काय पटलं नाही.

आणि शृंगाराचं म्हणाल तर आपल्या पैठणच्या मातीतली गाथासप्तशती घ्या, सातवाहन राजा हालाच्या नावावरची, प्राकृतातली. त्यातला एक वाटसरू पाणपोईवर ओंजळीनं पाणी पितो, नजर वर, पोरीकडं, अन मुद्दाम बोटं फाकवतो म्हणजे पाणी गळत राहील, तर ती पोरगी पण धार बारीक बारीक करत जाते. संपलं. दोन ओळी. कुणी कुणाला हात लावला नाही, तरी माझे कान तापले होते. जेम्सबाईंना पन्नास पानांत ते जमत नाही.

शेवट मात्र मला पटला (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढची ओळ सोडा). तीच म्हणते दाखव किती वाईट असू शकतं, तो पट्ट्यानं सहा फटके मारतो, आणि ती निघून जाते. बास, इथं पुस्तक संपायला पाहिजे होतं, पण पुढं अजून दोन भाग आहेत.

सिनेमा 2015 चा आहे, आपल्या सेन्सॉरनं थिएटरला लागू दिला नव्हता. पुस्तकाला पाचपैकी अडीच, त्यातले दीड नुसते त्या कराराचे. नवंकोरं घेऊ नका, जुन्यात मिळालं तर घ्या. दुसरा भाग कुणाकडं असला तर वाचायला देऊ शकता, विकत तर मी घेणार नाही.