बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर: जुनं कानपुरी, निर्भीक, वेबली की प्रबल?

शस्त्र परवाना हातात पडला की सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, "डोळे झाकून वेबली घे." दुसरा म्हणतो, "सरकारी कारखान्याचं सोडून कशालाही हात लावू नकोस." तिसऱ्याचा अमेरिकेतला भाऊ कोल्ट पायथन आणि रुगर जीपी-१०० या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांचे व्हिडिओ पाठवून देतो. ते आधीच बाजूला ठेवा. .357 मॅग्नम या जोरदार काडतुसाची ती सगळी चर्चा तिकडच्या बाजारासाठी आहे. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला स्वसंरक्षणासाठी नवं कोरं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर व्यवहारात पर्याय .32 चाच (हे नळीचं इंचातलं साधारण माप), आणि तोही मोजक्या मॉडेलांत.

म्हणजे कुठलंही घेतलंत तरी काडतूस तेच, .32 स्मिथ अँड वेसन लाँग. हे काडतूस 1896 पासूनचं आहे. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची आणि वेग बेताचा, त्यामुळे ताकदीत ते 9 मिमी पिस्तुलाच्या काडतुसाच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतं. कमजोर म्हणून त्याला हिणवणारे पुष्कळ भेटतात. पण झटका कमी असल्याने नेम टिकतो, आणि 25 मीटर सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या) नेमबाजीत जगभरचे खेळाडू आजही हेच काडतूस पसंत करतात. आपल्याकडच्या बऱ्याच पुंगळ्यांच्या बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या, 1869 साली उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याची. तर गोळीच्या ताकदीवरून निवड होणार नाही. फरक आहे तो चाप, मूठ, वजन आणि चक्री, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, उघडण्याची पद्धत यांत.

डबल-ॲक्शन म्हणजे चाप ओढला की त्या एकाच ओढीत घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) मागे जातो, चक्री एक घर फिरते आणि घोडा पडतो. घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो, तो सिंगल-ॲक्शन. दुकानात बहुतेक जण घोडा चढवून "वा, काय मऊ चाप आहे" म्हणतात. मला ही तपासणी निरर्थक वाटते. रात्री दारावर कुणी धडका देत असताना घोडा चढवत बसायची शुद्ध कुणाला असते? आणि चढवलेला घोडा थरथरत्या हातात असणं हा वेगळाच धोका. तेव्हा तुलना करायची ती डबल-ॲक्शनच्या लांब, जड ओढीची. ही ओढ चार-पाच किलोच्या घरात असते. तुमच्या बोटाला ती माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) न हलवता पेलते का, हा खरा प्रश्न.

आता एकेक मॉडेल.

जुनं कानपुरी .32, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, ज्याला लोक नुसतं 'ऑर्डनन्सचं रिव्हॉल्व्हर' म्हणतात, ते वेबलीच्या धाटणीचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडणारं हत्यार. वरचा खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. बांधा दणकट, आणि आजवर इतकी विकली गेली आहेत की दुरुस्ती जाणणारा माणूस सापडतो. तक्रार एकच, पण मोठी: नग-नगात फरक. एकाचा चाप गुळगुळीत, तर त्याच फळीवरच्या दुसऱ्याचा खरखरीत. ज्याला पाच-सहा नग हाताळून निवडायला मिळतील त्याने हे खुशाल घ्यावं. काउंटरवर ठेवलेला पहिलाच नग उचलून घरी येण्याचं हे हत्यार नव्हे.

निर्भीक जानेवारी 2014 मध्ये आलं, 'महिलांसाठी' अशी जाहिरात करत. दिल्लीच्या 2012 च्या निर्भया घटनेनंतरचे ते दिवस. नावातही तोच संदर्भ. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन पाचशे ग्रॅमवर आणलेलं, किंमत तेव्हा 1,22,360 रुपये, आणि सोबत गडद लाल रंगाचा दागिन्यांचा डबा. डब्याबद्दल काय बोलावं! बाईच्या हातात द्यायचं म्हणून दागिन्यांचा डबा, पण चापाचं काय, ते कुणीच बोलत नव्हतं. हत्यार हलकं केलं म्हणून चाप हलका होत नाही. उलट पाचशे ग्रॅमच्या वस्तूचा चाप चार-पाच किलोच्या जोराने ओढताना ती जास्त डगमगते, आणि झटकाही जास्त जाणवतो. दिवसभर कमरेला किंवा पर्समध्ये बाळगायचं असेल तर वाचलेले दोनशे ग्रॅम मोलाचे आहेत, यात वाद नाही. घरातल्या कपाटासाठी घ्यायचं असेल तर त्या दोनशे ग्रॅमचे जादा पैसे का मोजायचे, हे मला कळत नाही.

वेबली अँड स्कॉट म्हणजे बर्मिंगहॅमचं जुनं नाव, पण आताचं .32 मार्क फोर बनतं ते उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात, संडीला इथे. रचना तीच, मधून मोडणारी. खरं तर आपलं ऑर्डनन्सचं रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं. त्यामुळे इथे पैसे जातात ते नावाला आणि फिनिशिंगला. सरकारी नगांपेक्षा जोड अधिक नीटस असतील या अपेक्षेने ते हातात घ्या आणि अपेक्षा पुरी झाली तरच घ्या. "इंग्लिश आहे" म्हणून कुणी भाव वाढवून सांगत असेल तर त्याला संडीला नकाशावर दाखवायला सांगा.

प्रबल ऑगस्ट 2023 मध्ये बाजारात आणलं गेलं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 1 ऑक्टोबर 2021 ला सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाचं हे हत्यार. नळी 76 मिलिमीटर, वजन सुमारे 700 ग्रॅम. जाहिरातीत गाजला तो पन्नास मीटरचा पल्ला. स्वसंरक्षणाचा प्रसंग खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर येतो. पन्नास मीटरवरच्या माणसापासून तुम्ही पळून जाऊ शकत असाल तर पळायचंच असतं, तेच शहाणपण. पल्ल्यापेक्षा याची दुसरी बाब मला महत्त्वाची वाटते: चक्री बाजूला उघडते. जगभरच्या आधुनिक रिव्हॉल्व्हरांत हीच पद्धत आहे. साचा, म्हणजे हत्याराचा सांगाडा, अखंड राहतो, वरचा खटका आणि बिजागरी झिजून नळी सैल होण्याचा प्रश्नच मिटतो. पुंगळ्या काढायला दांडा दाबावा लागतो, तो दाबताना नळी वर धरायची सवय लावावी लागते, एवढंच. अर्थात .32 चा दाब इतका कमी असतो की मधून मोडणारी रचनाही तो आरामात पेलते. पण वर्षानुवर्षं सराव करणाऱ्याला अखंड साच्याचा फायदा मिळतोच.

पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्याचं .22 बोअरचं 'निडर' अडीचशे ग्रॅमचं आणि बरंच स्वस्त आहे, पण .22 च्या कडेवर ठोका बसणाऱ्या काडतुसांत न फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. स्वसंरक्षणासाठी मी ते यादीत धरणार नाही.

जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांचा मोह वेगळाच. ऐंशीच्या दशकात वैयक्तिक आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून जे देशात होतं तेच हातोहात फिरतंय. त्यामुळे साठ वर्षं जुन्या स्मिथ अँड वेसनला नव्या नगाच्या कितीतरी पट भाव येतो. चाप लोण्यासारखा असतो, हे खरं. पण सुटे भाग मिळत नाहीत, आणि एक स्प्रिंग मोडली की लाखोंचा ऐवज शोकेसमध्ये जातो.

दुकानात काय पाहायचं? चक्री रिकामी आहे हे आधी स्वतः बघा, मग नळी सुरक्षित दिशेला धरून पुढचं. चाप पूर्ण ओढून तसाच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चक्री हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, खुळखुळ नाही. मग चाप अगदी सावकाश ओढत सहाही घरं तपासा. घोडा पडण्याआधी प्रत्येक घर नळीसमोर येऊन अडकलंच पाहिजे. एखादं घर मागे राहत असेल तर तो नग परत. चक्री पुढे-मागे सरकते का, नळी आणि चक्रीमधली फट सगळीकडे सारखी आहे का, हे उजेडात धरून पाहा. मधून मोडणारं असेल तर बंद करून नळी हलवा. शेवटी मूठ: चापावर बोटाचं पहिलं पेर नीट पोचतं का? न पोचणारं रिव्हॉल्व्हर कितीही देखणं असो, ते तुमचं नाही. रिकाम्या घरांवर सारखा घोडा पाडू नका. नकली काडतुसं सोबत न्या आणि दुकानदाराला विचारून वापरा.

किमतींबद्दल सावध राहा. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 40 टक्के झालाय, त्यामुळे कुणी जुन्या बिलावरून सांगितलेला आकडा धरून चालू नका. कोट मागताना कर धरून किती ते लेखी घ्या. त्यात कपाटात बोल्टने बसणारी छोटी तिजोरी, रायफल क्लबचं सदस्यत्व आणि सरावाची काडतुसं मिळवा. हे सगळं बसत नसेल तर निर्भीकवरून जुन्या .32 वर उतरा आणि वाचलेले पैसे सरावात घाला. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा "आधी हे घेऊ, मग बघू" असं म्हणून एक जागा अडवण्यातही अर्थ नाही.

माझा कल प्रबलकडे आहे, घरासाठी आणि सरावासाठी दोन्ही. रोज अंगावर बाळगणाऱ्याने निर्भीक आणि प्रबल दोन्ही डबल-ॲक्शनमध्ये ओढून पाहावं आणि वजनाच्या पट्टीपेक्षा बोटाचं ऐकावं. बोटांत जोर कमी असलेल्या, सांधे दुखणाऱ्या माणसाला यांतलं कुठलंच सोपं जाणार नाही, त्याने .32 चं पिस्तूल पाहावं, पण त्याआधी त्याचा स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढता येतो का ते तपासावं.

आणि रानडुकरांपासून पीक राखायला परवाना काढलेल्या शेतकऱ्याने हा लेख सोडून द्यावा. .32 ने डुक्कर फक्त जखमी होऊन अंगावर येईल. त्याला बारा बोअरची बंदूक लागते, आणि ती चालवायलाही वनखात्याची वेगळी परवानगी.