बूथमधली आडवी स्क्रीन आणि उंच खुर्ची : आठ महिन्यांनंतर

आधी स्वतःबद्दल थोडं, कारण मान-पाठ-चष्म्याचं गणित माणसागणिक बदलतं. वय ५४, उंची ५ फूट ६ इंच, दोन वर्षांपासून प्रोग्रेसिव्ह चष्मा. आठवडाभर हिशेबाची नोकरी आणि उरलेल्या वेळात इंदूरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळासाठी लाइट्स. गेल्या गणपतीच्या तोंडावर बूथसाठी, म्हणजे नाटकाचे लाइट्स जिथून चालवतो त्या काचेमागच्या खोलीसाठी, तीन वस्तू घेतल्या: २२ इंची मॉनिटर, तो धरायला गॅस-स्प्रिंगचा आर्म आणि ड्राफ्ट्समन लोक वापरतात तशी, पाय टेकायला कडं असलेली उंच खुर्ची. मॉनिटर आणि आर्म जेल रोडवरून, खुर्ची ऑनलाइन. आता एप्रिल संपत आलाय. मधल्या काळात चौदा प्रयोग झाले, रंगीत तालमी वेगळ्या. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. तोच माल पाच नावांनी मिळतो.

आधीची अवस्था अशी होती. बूथचा ओटा ९० सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळपास स्वयंपाकघराच्या ओट्याएवढा. समोरच्या काचेची खालची कड जमिनीपासून ११२ सेंटिमीटरवर. बसायला लग्नकार्यातली प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यावर बसलं की माझे डोळे काचेच्या कडेपेक्षा जेमतेम आठ सेंटिमीटर वर यायचे, आणि फेडरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्यांवर, हात ठेवायला खांदे कानाकडे जायचे. लॅपटॉप उजव्या हाताला काटकोनात, संहिता डावीकडे, रंगमंच समोर. दोन अंकी नाटकात मान टेनिस बघायला आल्यासारखी फिरायची. सोमवारी सकाळी ऑफिसात उजवीकडून कुणी हाक मारली की मी अख्खा वळायचो.

मॉनिटर आला तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. ऑफिसात हे बरोबरच आहे, तिथे स्क्रीनच्या पलीकडे भिंत असते. बूथमध्ये पलीकडे नाटक असतं. २२ इंची मॉनिटरने रंगमंचाचा मधला भाग झाकला, त्याच्या डावी-उजवीकडून डोकावत मी पहिली तालीम काढली. शिवाय प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचं वरच्या भागातून दिसतं, मधल्या अंतराचं मधल्या पट्ट्यातून आणि जवळचं खालून. स्क्रीन डोळ्यांसमोर आली की अक्षरं वाचायला हनुवटी उचलावी लागते. पाऊण तासात मानेच्या मागे खिळा ठोकल्यासारखं झालं.

उपाय सुचवला तो सुताराने. ओटा मागच्या भिंतीला चिकटलेला असल्यामुळे आर्मचा क्लॅम्प मागून बसेना, म्हणून ओट्याला भोक पाडून बोल्ट टाकायला त्याला बोलावलं होतं. माझी कसरत थोडा वेळ बघून तो म्हणाला, "भिया, टीवी थोड़ी देखना है, सुला दो इसको." मी झोपवली. स्क्रीन आता ओट्याला जवळजवळ टेकलेली, साधारण ४० अंश मागे कललेली, वरची कड बरोबर काचेच्या खालच्या कडेला. उंच खुर्चीवर डोळे १४२ सेंटिमीटरवर येतात. तिथून नजर सरळ गेली की रंगमंच, चष्म्याच्या वरच्या भागातून. नजर खाली टाकली की क्यू-लिस्ट (कुठल्या क्षणी कुठला उजेड बदलायचा याची यादी), खालच्या-मधल्या भागातून. मान जागची हलत नाही. स्क्रीन कुठे असावी हे माझा चष्मा पहिल्या दिवसापासून सांगत होता, मीच पुस्तकातला नियम धरून बसलो होतो. उजवीकडचा लॅपटॉप आता मिटून ओट्याखाली असतो, समोर फक्त कीबोर्ड.

आर्मबद्दल मात्र सावध करतो. गॅस-स्प्रिंगला वजनाची एक मर्यादा असते, माझ्यावर २ ते ९ किलो लिहिलंय. मॉनिटर स्टँडशिवाय तीन किलोच्या आत भरतो. स्प्रिंग कारखान्यातून जास्त ताणाची आली होती. पहिल्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात, नायिकेचं स्वगत चालू असताना स्क्रीन आपोआप वर येऊ लागली, पुंगी ऐकलेल्या नागासारखी. एका हाताने ती दाबून धरली आणि दुसऱ्याने क्यू दिले. पाकिटात आलेल्या ॲलन पान्याने ताण कमी केल्यावर आजतागायत हललेली नाही. म्हणजे वस्तू वाईट नव्हती, मी तो स्क्रू फिरवला नव्हता. मॉनिटर घेताना पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर चौकोनातली चार भोकं आहेत ना, तेवढं बघून घ्या. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतात आणि मग आर्म नुसता शोभेचा.

खुर्ची. हिला पाचपैकी तीनच. उंची उत्तम: बैठक ६५ सेंटिमीटरवर ठेवली की कोपर ओट्याच्या पातळीला येतं आणि खांदे खाली उतरतात. पण पायाचं कडं घट्ट केलं तरी वजनाने सरकत खाली येतं, आणि पाय लोंबकळले की मांडीखाली बैठकीची कड रुतते. मध्यंतरापर्यंत पायांना मुंग्या. पायाखाली घरातला जुना चौरंग घ्यावा असं मनात आलं. बोलून दाखवलं, तर आईने "चौरंगावर पाय ठेवणार तू?" एवढंच विचारलं. मग त्याच सुताराकडून २३ सेंटिमीटर उंचीची प्लायची पेटी करून घेतली. ती खुर्चीपेक्षा जास्त उपयोगी ठरली, हे साडेसात हजार मोजलेल्या माणसाने लिहिताना जरा जड जातं. आमची साउंडवाली मुलगी पाच फुटी. तिच्यासाठी खुर्ची वर घ्यावी लागते आणि मग पेटीही अपुरी पडते. "काका, तुमच्या पेटीवर अजून एक पेटी ठेवू?" असं तिने विचारलं. दोन पेट्या एकमेकींवर डुगडुगतात, म्हणून तिच्यासाठी उंच पेटी वेगळी केली.

चाकं पहिल्याच आठवड्यात काढली. ओट्याला हात टेकवून जोर दिला की खुर्ची मागे पळायची. त्याजागी साधे रबरी बूट बसवले. खुर्चीचे हातही काढले, ते ओट्याखाली अडकायचे. बैठक जाळीची घेतली ते बरं झालं. इंदूरचा एप्रिल, त्यात प्रयोगात बूथचा एसी आवाजामुळे बंद. रेक्झिनवर मी चिकटलो असतो, आणि उठताना झालेला आवाज शेवटच्या रांगेने ऐकला असता.

अंधाराची बाजू मला सगळ्यात उशिरा कळली. मॉनिटरचा उजेड किमान केला तरी ब्लॅकआउटमध्ये तो माझ्या तोंडावर पडायचा, आणि समोरच्या काचेत पांढरा सदरा घातलेला मी नायकाच्या शेजारी उभा दिसायचो. सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी काळी केली, स्क्रीनवर करड्या जिलेटिनचा (दिव्यांपुढे लावतात त्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा चिकटवला, सदरा काळा घातला. तिघांत सदऱ्याचा फरक सर्वात मोठा पडला.

संहितेवरच्या दिव्याची चूक पूर्णपणे माझी. अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडाने फारसे बिघडत नाहीत, आणि एकदा बिघडले की पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, हे वाचून मी दिव्याला लाल जिलेटिन लावलं. माझ्या क्यूच्या सगळ्या खुणा लाल पेन्सिलीने. लाल उजेडात कागदही लाल आणि पेन्सिलही लाल. पान कोरं. पहाटेचा क्यू चुकला, कलाकार बिचारा "उजाडलं वाटतं" म्हणत काळोखात उभा राहिला. आता निळं जिलेटिन आणि अगदी मंद दिवा. निळ्यात लाल रेघ काळी दिसते.

मान आता दुखत नाही. उजवा खांदा दुखतो, माउसमुळे. साउंडचं बरं आहे, त्यांच्या क्यूलॅब या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की क्यू जातो. माझ्याकडे अजून बरीच कामं माउसनेच होतात, आणि मॉनिटर मधे झोपल्यावर ओट्यावर माउसला जागा उरली ती पार कडेला. एक लहान नंबर-पॅड घेऊन त्यावर क्यूची बटणं बसवायचा विचार आहे. तोवर तालमीत माउस मांडीवरच्या पाटीवर ठेवतो. पाटी प्रत्येक मध्यंतरात खाली पडते.